अंगभर, स्वच्छ आणि ऐपतीत : आपल्या पोशाखाची कहाणी



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा समितीतल्या मंडळींनी विचारलं, "दादा, तुम्ही कशावर लिहिणार?" मी म्हणालो, "कपड्यांवर." सगळे हसले. एक जण म्हणाला, "दादा, धम्मावर लिहा, चळवळीवर लिहा. कपड्यांचा कसला आलाय इतिहास?"

असतो. फार मोठा असतो. मी गिरणीत काम करणारा माणूस. शाळेतलं शिक्षण नववीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयात आणि सभेच्या सतरंजीवर बसून शिकलो. एकोणिसाव्या वर्षी सूतगिरणीत लागलो, तो आजपर्यंत रिंग फ्रेमसमोर उभा आहे. माझं सगळं आयुष्य सुतात गेलं. म्हणून जे वाचलं, जे थोरामोठ्यांकडून ऐकलं आणि जे घरात पाहिलं, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आज आपल्या वस्तीतला मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून नगरच्या कापड बाजारातून चालला तर कोणी वळून बघत नाही. त्यानं काय घालावं हे त्याची आवड ठरवते आणि त्याचा खिसा ठरवतो. त्याला वाटतं, हे असंच असतं. पण आपल्या आज्या-पणज्यांनी काय नेसावं, कुठपर्यंत नेसावं, दागिना कशाचा घालावा, हे त्यांच्या खिशानं ठरवलेलं नव्हतं. ते गावानं ठरवलेलं होतं. तिथून आपण इथवर कसे आलो आणि आता कुठे चाललो आहोत, एवढंच मला सांगायचं आहे.

अंगावर लिहिलेली जात

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसं राहावं ते सांगितलं आहे. प्रेतावरची वस्त्रं अंगावर घालावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिने लोखंडाचे असावेत. कोणी म्हणेल, हे पोथीतलं झालं. नाही बाबांनो, हे गावगाड्यात चालत होतं. मढ्यावरचं कापड हा महाराचा 'हक्क' समजला जाई. मेलेल्या माणसाचं कापड जिवंत माणसाच्या अंगावर, आणि त्याला नाव काय तर हक्क! हा हक्क वतनाबरोबर येत होता. त्याच वतनाच्या जोखडाबद्दल बोलायला आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला, १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदार महार-मांगांची परिषद भरली होती. ही गावकीची वतनं कायद्यानं बंद व्हायला पुढे १९५८ साल उजाडावं लागलं.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'चं जे भाषण छापलं, त्यात पेशवाईतल्या काळ्या दोऱ्याची आठवण दिली आहे. चुकून कोणाला शिवाशिव होऊ नये म्हणून अस्पृश्यानं मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. त्याच पुस्तकात इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाची हकीकत आहे. ती जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. तिथल्या सवर्णांनी बलाईंना बजावलं की जरीकाठी पागोटं बांधू नका, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसू नका, तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना विहिरीचं पाणी बंद झालं, वाटा बंद झाल्या, गाव सोडावं लागलं. दक्षिणेत रामनाड जिल्ह्यात १९३० साली असेच हुकूम निघाले. पुरुषांनी गुडघ्याखाली कपडा न्यायचा नाही, बायकांनी अंगाचा वरचा भाग झाकायचा नाही. त्याच्याही आधी त्रावणकोरात नाडार स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. तेव्हा कुठे १८५९ साली राजाचा जाहीरनामा निघाला.

इथे थोडं थांबून विचार करा. आपण सहज म्हणतो, "आपली माणसं गरीब होती म्हणून फाटकी राहात होती." हे अर्धंच खरं आहे. ज्याच्याजवळ जरीकाठी धोतर घ्यायला पैसाच नाही, त्याला "जरीकाठी नेसू नको" असं सांगायची कोणाला गरज पडेल का? बंदी घालावी लागली, याचाच अर्थ आपली माणसं पोटाला चिमटा घेऊन का होईना, चांगलं नेसायला लागली होती. गरिबीनं कपडा फाटतो, पण गुडघ्याच्या वर राहात नाही. तो वर ठेवायला हुकूम लागतो.

आजीचं लुगडं

वडील मुंबईला गिरणीत होते. आम्ही भावंडं गावी आजीजवळ वाढलो. आजी सांगायची, "मी लग्न होऊन आले तवा लुगडं गुडघ्यापातूर. हातात कथलाचे गोठ, पायात कथलाचे वाळे. लांबून येताना बघितलं की समद्यांना कळायचं, ही कोण हाय ते."

तिच्या या एका वाक्यात सगळी जातिव्यवस्था आली. तोंड उघडायच्या आत कपड्यानं जात सांगितली पाहिजे, ही ती व्यवस्था.

मग एकदा आजोबा मुंबईहून आले ते बाबासाहेबांची बातमी घेऊन. त्यांनी आजीला सांगितलं, लुगडं घोट्यापर्यंत सोड आणि हे कथील काढून टाक. आजी घाबरली. पण दुसऱ्या दिवशी तिनं तेच लुगडं, तेच नऊ वार, खाली सोडून नेसलं आणि पाण्याला गेली. वाटेत एका मोठ्या घरच्या बाईनं विचारलं, "काय गं, पाटलीण झालीस का?" आजीनं मान खाली घातली, पण लुगडं वर घेतलं नाही. हे सांगताना ती सत्तरीच्या पुढची होती, तरी दर वेळी तिचा आवाज बदलायचा. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारी लुगड्याचं काय एवढं घेऊन बसली! फार उशिरा कळलं की आजोबांनी आणलेली ती बातमी महाडची होती.

महाडचा धडा

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालं गेलं, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं, हेही माहीत आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींसमोर वेगळं भाषण केलं, त्याची आठवण कमी निघते. मला तर ते भाषण तळ्याच्या तोडीचं वाटतं.

त्या भाषणाचा आशय असा. तुमच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता. ती ओळख पुसून टाका. लुगडं वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा. त्याला तुम्हाला जास्तीचा पैसा लागत नाही. गळ्यातल्या माळांचे आणि हातापायातल्या कथला-चांदीच्या दागिन्यांचे ढीग उतरवा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा.

परिषदेला आलेल्या चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी आपल्या बायकांना लुगडं कसं नेसायचं ते प्रत्यक्ष दाखवलं. ही दोन्ही घराणी कायस्थ प्रभू समाजाची, चळवळीची मित्र. परिषदेला येताना गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून आलेल्या बायका जाताना घोट्यापर्यंत नेसून गेल्या.

उपासक-उपासिकांनो, या भाषणातला हिशेब नीट बघा. बाबासाहेब अर्थशास्त्राचे मोठे पंडित. समोर बसलेल्या बाईच्या कनवटीला काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नवं लुगडं घ्या असं सांगितलं नाही. आहे तेच नीट नेसा, एवढंच सांगितलं. सोनं परवडत नसेल तर मोकळा हात बरा. म्हणजे खर्च शून्य. उलट दागिन्यांचा पैसा वाचला. पंचवीस तारखेला पोथी जळाली. पण पोथीतला नियम आपल्या बायकांच्या अंगावर होता, तो जाळून जळणारा नव्हता. तो त्यांनी आपल्या हातानं उतरवला.

नंतर २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली, तेव्हाही बाबासाहेबांनी स्वच्छ राहायला शिका, हाच उपदेश केला. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत.

आपल्या नगरशी नातं असलेली आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते आपल्या नगरला, मिस फरार बाईंच्या शाळेत. पुढे पुण्यात शाळेत जाताना त्यांच्या अंगावर लोक शेण-चिखल टाकत. सावित्रीबाई दुसरं लुगडं जवळ ठेवत. शाळेत गेल्यावर मळलेलं बदलून स्वच्छ लुगड्यात मुलींसमोर उभ्या राहात. फक्त दोन लुगडी. पण ज्यानं शेण फेकलं त्याची घाण वर्गात मुलींच्या नजरेला पडता कामा नये, हा केवढा मोठा विचार!

सूत आमचं, कापड दुसऱ्याचं

आता माझ्या पेशातली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय कपड्याचा इतिहास पुरा होत नाही.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये आपले हजारो लोक गेले. आपल्या नगर जिल्ह्यातून, साताऱ्यातून, कोकणातून. माझे आजोबा त्यातलेच. त्यांना काम मिळालं कातण्याच्या खात्यात, ज्याला गिरणीत त्रासन खातं म्हणत. विणाई खात्यात, म्हणजे साच्यावर, त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराचं तोंड ज्या धोट्याला लागलं त्याला आपलं तोंड कसं लावायचं, म्हणून सवर्ण विणकर कामगार त्यांना तिथे येऊ देत नसत. आणि पगार जास्त होता तो विणाईतच!

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठणकावून मांडला की अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेतलं पाहिजे. कामगार सगळे एक, असं म्हणायचं आणि साच्याजवळ जात काढायची, हे चालणार नाही, असा त्यांचा रोख होता.

मनात आणून बघा. सूत आमच्या हातचं चालत होतं. त्याचं कापड झालं की ते देवालाही चालत होतं, सोवळ्यालाही चालत होतं. फक्त सुताचं कापड करायला आमचं तोंड चालत नव्हतं. विदर्भात तर आपल्या समाजातली कित्येक घरं जाडंभरडं कापड विणून पोट भरत. म्हणजे कला नव्हती असं नाही. जगाला कपडा पुरवणाऱ्या हातांनाच अंगभर कपडा नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझ्या वडिलांची गिरणी त्यात सुटली ती कायमची. ते नगरला परत आले तेव्हा मी शाळेत होतो. त्या वर्षी आईनं वडिलांच्या जुन्या धोतराचे आम्हा भावांना सदरे शिवले. एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. पण आईनं बटण तुटलेला सदरा घालून आम्हाला कधी शाळेत पाठवलं नाही. आमचे एक चुलते महार रेजिमेंटमध्ये होते. सुट्टीवर आले की आम्हाला ओळीनं उभं करून नखं आणि कॉलर बघायचे. पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायला त्यांनीच शिकवलं. पँट घडी घालून अंथरुणाखाली ठेवायची, सकाळी घडीची रेघ तयार. खर्च शून्य. आता ध्यानात येतं, ही सगळी माणसं आपापल्या परीनं महाडचंच भाषण पुढे नेत होती.

कपड्यानं जात जाते का?

इथे कोणी शहाणा विचारील, "दादा, चांगले कपडे घातले की जात गेली का?"

नाही गेली. हे बाबासाहेबांइतकं कोणाला माहीत असणार? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९०१ सालची हकीकत लिहिली आहे. बालपणीचा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. मुलांसाठी नवीन कपडे केले होते. विलायती कापडाचे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तराला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. पण आपण महार आहोत असं मुलांनी सांगताच त्याचा चेहरा उतरला आणि तो मागे सरला. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्रभर घोटभर पाणी मिळालं नाही. अंगावर रेशीमकाठ आणि घसा कोरडा!

आणि हे जुनं झालं असंही समजू नका. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस गुजरातमध्ये बनासकांठा जिल्ह्यातल्या मोटा गावात एका दलित तरुणानं चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून त्याला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. तेव्हा कपडा जात मोडत नाही, हे खरं.

मग बाबासाहेब आयुष्यभर सूट-टायमध्ये का राहिले? महात्मा गांधींनी १९२१ साली मदुराईला पंचा धारण केला. देशानं त्याला त्याग म्हटलं, आणि ज्याच्याजवळ अंगभर कपडा होता त्यानं तो सोडला तर त्याला त्याग म्हणावंच लागेल. पण ज्याला हजारो वर्षं अंगभर कपडा घालूच दिला नाही, त्यानं उघडं राहणं हा त्याग कसा होईल? त्याच्या बाबतीत बटण लावलेला कोट हेच बंड. आपल्या चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर सूट आहे. तो बघत आपली पोरं शाळेत जातात, यातच मला सगळं उत्तर मिळतं. कपडा जात मोडत नाही, पण घालणाऱ्याचा कणा सरळ करतो. आणि जात मोडायला आधी कणा सरळ लागतो.

त्या सुटामागे माता रमाईचे कष्ट होते, हेही विसरू नका. बाबासाहेबांच्या स्वागताच्या एका प्रसंगी नेसायला धड लुगडं नव्हतं, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला जरीचा फेटाच रमाई नेसून गेली, अशी कथा आपल्या घराघरांत सांगतात. रमाईनं कर्ज काढलं नाही, दुसरीचं लुगडं मागून आणलं नाही, आणि घरातही बसून राहिली नाही. घरात होतं त्यातूनच मान राखला.

चीवराचा हिशेब

आता धम्म काय सांगतो ते बघू. भिक्षूंचं चीवर सुरुवातीला चिंध्यांचं असे. वाटेवर, उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेले तुकडे गोळा करायचे, धुवायचे, रंगवायचे, शिवायचे. पुढे वैद्य जीवकानं उत्तम वस्त्र अर्पण केलं, तेव्हा भगवंतांनी गृहस्थांनी दिलेलं वस्त्र घ्यायला परवानगी दिली. मगधातली बांधबंदिस्तीची शेतं बघून त्यांनी आनंदाला तशाच आखणीचं चीवर करायला सांगितलं आणि आनंदानं ते करून दाखवलं. आजही भन्तेजींच्या चीवरावर त्या शेताच्या बांधांसारख्या रेघा दिसतात. मनुस्मृतीनं आपल्याला मढ्याचं कापड दिलं ते हिणवण्यासाठी. तथागतांनी राजपुत्रांनाही टाकलेली चिंधी नेसायला लावली, पण ती धुऊन, मापात कापून, नीट शिवून. कापड तसंच असेल, फरक आहे तो अंगावर कोणी लादलं की आपण होऊन घेतलं, यात.

विनयपिटकात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, हा भिक्षू एवढ्या वस्त्रांचं काय करणार, दुकान मांडणार की काय? त्यानं आनंदाला विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जीर्ण चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं काय? गादीच्या खोळी. त्यांचं काय? जमिनीवरच्या बैठका. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी फाटली की चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. लुगडं विरलं की त्याची गोधडी. गोधडी फाटली की लेकराचं दुपटं. दुपटं गेलं की चुलीला पोतेरं. तिला कुठे विनयपिटक माहीत होतं? पण अडीच हजार वर्षांपूर्वीचं शहाणपण तिच्या हातात होतं.

गृहस्थासाठी भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितलेला हिशेबही ध्यानात ठेवा. मिळकतीचे चार वाटे करावेत. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. आपल्या हातावरच्या पोटाला असे चार वाटे जमत नाहीत, हे मला कळतं. पण त्यातलं मर्म कोणालाही जमण्यासारखं आहे. अंगावर मिरवायचा खर्च हा मुलांच्या शिक्षणाचा वाटा खाऊन होता कामा नये.

पांढरं कापड आणि माझा सूट

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट. लोकांनाही पांढरी वस्त्रं नेसून यायला सांगितलं होतं. पाली ग्रंथांत गृहस्थ उपासकांना 'ओदातवसन' म्हणजे शुभ्र वस्त्र नेसणारे म्हटलं आहे, ती परंपरा त्या दिवशी जागी झाली. नागपूरच्या दुकानांतली पांढरी लुगडी संपून गेली होती, असं जाणती माणसं सांगतात. लाखो लोक एका रंगात. कोण मजूर, कोण वकील, कपड्यावरून कळत नव्हतं. त्या मैदानात कपड्यानं जात सांगायचं थांबवलं होतं. पांढरं नेसणं नवरीला अशुभ, हा समजही आपल्या लग्नांनी मोडला. पांढरी साडी, पांढरा सदरा, बुद्धवंदना, पुष्पहार, झालं लग्न. कर्ज नाही, सावकार नाही.

आणि आज? नवरीचा घागरा, नवरदेवाची शेरवानी, फोटोसाठी वेगळे कपडे, हळदीला वेगळे. मी दुसऱ्याला नावं ठेवत नाही, मी स्वतःच या पापाचा धनी आहे. २०११ साली धाकट्या भावाच्या लग्नात मी व्याजानं पैसे काढले. सगळ्यांना भारी कपडे घेतले आणि स्वतःला सूट शिवला. माझ्या मनात होतं, गावातल्या लोकांनी बघितलं पाहिजे. तो सूट मी दोनदा घातला. पुढच्या वर्षी लेक बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला, पण फी भरायला पैसे नव्हते, व्याज चाललं होतं. तिचं एक वर्ष वाया गेलं. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, त्या सुटाच्या खिशात माझं एक वर्ष राहिलं." पुढे ती शिकली, नर्स झाली. तिचा पांढराशुभ्र गणवेश दोरीवर वाळत असतो तेव्हा मला आजीचं लुगडं आठवतं. सूट पेटीत पडून आहे. ज्या गावाला दाखवायला आजीनं लुगडं खाली सोडलं नव्हतं, त्याच गावाला दाखवायला मी सूट शिवला. तिनं स्वतःच्या मानासाठी केलं, मी लोकांच्या नजरेसाठी केलं. पूर्वी आपण काय घालावं हे गाव ठरवत होतं. आता ते पुन्हा गावच ठरवू लागलं, आणि व्याज आपण भरायचं, असं झालं.

म्हणून शेवटी सुताचा माणूस म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कापड घेताना हातात चुरगाळून बघा. पांढरी भुकटी निघाली तर ती खळ आहे, पहिल्या धुण्यात कापडाचा दम जाईल. उजेडासमोर धरा, वीण विरळ आहे की घट्ट ते कळेल. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. कटपीस घ्यायला लाजू नका. भारी कापडाचा ढगळ सदरा घालण्यापेक्षा साधं कापड अंगाबरोबर शिवून घेतलेलं जास्त शोभतं, म्हणून शिंप्याला चार पैसे जास्त द्या. पांढऱ्याला बेताची नीळ द्या, भाताच्या पेजेची खळ द्या, कपडा नव्यासारखा उभा राहतो. सुई-दोरा घरात ठेवा आणि तो मुलग्यांच्याही हातात द्या. दोनच जोड असू द्या, पण धुतलेले असू द्या. आणि लग्नाला, वर्धापन दिनाला, बुद्धपौर्णिमेला पांढरं नेसा. त्यात श्रीमंत-गरीब कळत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

आपली आजी पाटलीण झाली नाही. तिला व्हायचंही नव्हतं. तिला फक्त तिच्याच नऊ वारांत अंगभर उभं राहायचं होतं. तेवढं तिनं केलं आणि त्यासाठी कोणाचा एक पैसा देणं ठेवला नाही. यंदाच्या वर्धापन दिनाला मी धुतलेला पांढरा सदरा घालून येणार आहे. तुम्हीही या.

जयभीम! नमो बुद्धाय!